'प्रतिकारशक्तीचे ऋण' : एका वैद्यकीय रूपकाची चिकित्सा
(कोविडोत्तर काळातील बालरुग्णांच्या जिवाणूजन्य श्वसनविकारांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

कोविड-१९ च्या महासाथीची पहिली दोन वर्षे बालरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने विलक्षण होती. युरोप-अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत प्रौढांचे विभाग ओसंडून वाहत असताना मुलांच्या न्यूमोनियाच्या खाटा रिकाम्या राहिल्या. दर हिवाळ्यात हमखास येणारे श्वसनविकार दिसेनासे झाले. पुढे ते परतले, आणि नेहमीच्या क्रमाने वा नेहमीच्या ऋतूत परतले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये फ्रान्स, आयर्लंड, नेदरलँड्स, स्वीडन आणि ब्रिटन या देशांत दहा वर्षांखालील मुलांमध्ये 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा आक्रमक संसर्ग वाढल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने केली. २०२३ च्या अखेरीस उत्तर चीनमधील बालरुग्णालयांत मायकोप्लाझ्मा व अन्य श्वसनसंसर्गांच्या रुग्णांची गर्दी उसळली. २०२४ मध्ये मायकोप्लाझ्मा अमेरिकेत वाढला, तर डांग्या खोकल्याने युरोपातील अनेक देशांत डोके वर काढले.

या साऱ्या घटनांना एकाच सूत्रात ओवणारा एक शब्दप्रयोग या काळात रूढ झाला, तो म्हणजे 'इम्युनिटी डेट', अर्थात प्रतिकारशक्तीचे ऋण. टाळेबंदी, मुखपट्टी व शाळाबंदी यांमुळे मुलांचा रोगजंतूंशी संबंध तुटला, त्यामुळे त्यांची प्रतिकारशक्ती घडायची राहून गेली आणि ही थकबाकी पुढे आजारपणाच्या रूपाने वसूल झाली, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ होतो. रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांच्या जिवाणूजन्य श्वसनविकारांना हे स्पष्टीकरण कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ लेख आणि त्याचा आवाका

हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय फ्रान्समधील बालसंसर्गरोगतज्ज्ञांच्या गटाकडे जाते. रोबेर कोएन व त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयावरील भूमिकापत्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकांनी त्यात दोन गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या. जंतूंचा समाजातील प्रसार घटल्यामुळे प्रतिकारयंत्रणेला मिळणारी चेतना कमी झाली, ही पहिली. आणि महासाथीच्या काळात लसीकरण मागे पडले, ही दुसरी. अल्पसंपर्काचा हा काळ जितका लांबेल तितकी पुढील साथींची शक्यता वाढेल, असा इशारा देऊन त्यांनी उपाय सुचवला तो राहिलेल्या लसी तातडीने पूर्ण करण्याचा. फ्रान्सच्या लसीकरण कार्यक्रमात नव्या लसींची भर घालण्याचा विचारही त्यांनी मांडला. म्हणजे मूळ भूमिकापत्राचा रोख लसीकरणाकडे होता. हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीच्या चर्चांत पोहोचला तेव्हा लसीकरणाचा भाग मागे राहिला आणि टाळेबंदीवरील आरोप तेवढा पुढे गेला. एखादे रूपक आपल्या कर्त्याच्या हातून निसटते ते असे.

भूमिकापत्रातील निरीक्षण निराधार नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. श्वसनमार्गाच्या आरएसव्ही या विषाणूबाबत कॅनडात झालेल्या अभ्यासात महासाथीच्या पहिल्या वर्षानंतर प्रसूतिक्षम वयातील स्त्रियांच्या व अर्भकांच्या रक्तातील प्रतिपिंडे घटल्याचे आढळले. आईकडून मिळणारे संरक्षण कमी झाले की अर्भक अधिक उघडे पडते. समाजातील रोगप्रवण मुलांची संख्या साचत गेली की पुढील लाट मोठी येते, हे साथरोगशास्त्रातील जुने गणित आहे आणि त्याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या गणिताला 'ऋण' म्हणण्यावर, आणि विषाणूंसाठी मांडलेला हिशेब जिवाणूंच्या खात्यावर जसाच्या तसा चढवण्यावर.

'ऋण' या शब्दाचा भार

मराठीत ऋण आणि कर्ज हे शब्द एका अर्थाचे असले तरी एका वजनाचे नाहीत. कर्ज सावकाराचे असते. त्याला व्याज असते, तारण असते, खतावणी असते. ऋण मात्र देवांचे, ऋषींचे, पितरांचे असते आणि ते फेडण्यात जन्माचे सार्थक मानले जाते. 'प्रतिकारशक्तीचे ऋण' असे म्हणताच हे दोन्ही अर्थ एकदम जागे होतात. संसर्ग हे जणू निसर्गाचे देणे ठरते. ते चुकवणारा दोषी ठरतो आणि वसुली अटळ वाटू लागते. कर्ज काढले शासनाने, फेडायचे मात्र तीन वर्षांच्या मुलाने, हा अन्यायही त्यात सूचित होतो व त्यामुळे रूपकाला भावनिक धार येते.

परंतु फुफ्फुसाच्या आवरणात पू साचून अतिदक्षता विभागात दाखल झालेले मूल नेमके काय फेडत असते? गंभीर संसर्गातून जाणे ही प्रतिकारशक्ती मिळवण्याची सर्वांत महागडी आणि धोक्याची वाट आहे. संसर्ग लांबणीवर पडला म्हणून तो व्याजासह येतो, असेही नाही. आरएसव्हीचा सर्वाधिक धोका आयुष्याच्या पहिल्या सहा महिन्यांत असतो. सहाव्या आठवड्याऐवजी दुसऱ्या वर्षी तो झाला तर मुलाचा त्यात बहुधा लाभच असतो. डांग्या खोकल्याबाबत तर हे अधिकच खरे आहे, कारण त्यात दगावणारी मुले प्रामुख्याने लसीच्या मात्रा पूर्ण होण्याआधीच्या वयाची असतात. सावकारी कर्जात उशीर झाला की बोजा वाढतो. येथे पुष्कळदा उशिरानेच जीव वाचतो.

न्यूमोकोकसचा पुरावा

रूपकाची खरी परीक्षा होते ती न्यूमोकोकस या जिवाणूच्या संदर्भात. मुलांच्या जिवाणूजन्य न्यूमोनियाचे हे प्रमुख कारण. २६ देश व प्रदेशांतील प्रयोगशाळांच्या नोंदी एकत्र करणारा एक व्यापक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांच्या हालचाली मंदावल्यानंतर चार आठवड्यांत न्यूमोकोकसच्या आक्रमक संसर्गाच्या नोंदी ६८ टक्क्यांनी व आठ आठवड्यांत ८२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. केवळ रुग्णालये गजबजल्यामुळे नोंदी कमी झाल्या असतील, ही शंका अभ्यासकांनी आधीच विचारात घेतली होती. त्यांनी तुलनेसाठी 'ब' गटाच्या स्ट्रेप्टोकोकसच्या नोंदीही तपासल्या. हा जिवाणू श्वासावाटे पसरत नाही, आणि त्याच्या नोंदींत लक्षणीय बदल झाला नव्हता. घट खरी होती.

एवढ्यावरून मुलांचा न्यूमोकोकसशी संबंध तुटला, असा निष्कर्ष कोणीही काढील. इस्रायलमधील संशोधकांनी मात्र तो न काढता मुलांच्या नाकाघशातील नमुने तपासणे चालू ठेवले. त्यांना आढळले ते रूपकाला सरळ छेद देणारे आहे. लहान मुलांमधील न्यूमोकोकसजन्य आजार मोठ्या प्रमाणात घटला होता, पण त्यांच्या नाकाघशातील न्यूमोकोकसच्या वास्तव्यात किरकोळच घट झाली होती. नाहीसे झाले होते ते आरएसव्ही, इन्फ्लुएन्झा आणि मेटान्यूमोव्हायरस हे विषाणू. ते परतले तसा आजारही परतला.

याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. मुले जिवाणूपासून दूर नव्हती. तो त्यांच्याच नाकात नांदत होता आणि त्यांच्या प्रतिकारयंत्रणेला त्याची ओळख घडत होती. थांबली होती ती त्याला फुफ्फुसात उतरण्याची वाट करून देणारी विषाणूंची धाड. विषाणू श्वासनलिकेच्या आतील अस्तराला इजा करतो, तेथील केसलांची झाडलोट बंद पाडतो, आणि घशात निरुपद्रवीपणे राहणारा जिवाणू खाली सरकतो. थकबाकी कोठे दाखवायची, असा प्रश्न येथे पडतो, कारण खाते बंदच पडले नव्हते.

विषाणू व जिवाणू यांच्या या संगनमताची माहिती नवी नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या महासाथीत दगावलेल्यांच्या शवविच्छेदनांचा फेरअभ्यास मॉरेन्स, टॉबेनबर्गर व फाउची यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या फुफ्फुस-ऊतींचे ५८ नमुने व आठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांचे प्रकाशित अहवाल पाहून ते या निष्कर्षाला आले की बहुसंख्य मृत्यू विषाणूच्या मागोमाग झालेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने ओढवले असावेत. (याच आजाराच्या शोधात १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी एका जिवाणूला इन्फ्लुएन्झाचे कारण मानले. ते चूक ठरले, तरी 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी' हे नाव मात्र आजही चिकटून आहे. वैद्यकात चुकीचे नाव किती काळ टिकते, याचे हे चांगले उदाहरण होय.) दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथील लसचाचणीत तर हाच मुद्दा उलट बाजूने सिद्ध झाला. न्यूमोकोकसची लस पूर्ण घेतलेल्या मुलांमध्ये विषाणूंशी निगडित न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले, असे मधी व क्लुगमन यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. जिवाणूविरुद्धची लस विषाणूच्या आजारातील दाखले घटवते, याचा अर्थ 'विषाणूजन्य' म्हणून नोंदलेल्या कित्येक आजारांत जिवाणूचाही हात असतो.

प्रत्येक जिवाणूचा निराळा इतिहास

एकाच शब्दाने सर्व साथी समजावून सांगण्याचा मोह येथे अधिक अडचणीत येतो. 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकोकसचे उदाहरण घ्यावे. इंग्लंडमधील २०२२-२३ च्या लाटेत ज्या वाणाचे प्राबल्य होते, त्याचे वर्णन २०१९ मध्येच, म्हणजे महासाथीच्या आधी, शास्त्रीय नियतकालिकात आले होते. जनुकसंचातील अवघ्या २७ ठिकाणच्या बदलांनी वेगळा ठरलेला हा वाण स्कार्लेट ज्वराचे विष अधिक प्रमाणात निर्माण करतो. नेदरलँड्समधील अभ्यासकांनी तेथील मुलांमधील वाढीचा संबंध कांजिण्या व श्वसनमार्गाच्या विषाणूंच्या साथींशी जोडला. पुन्हा तेच विषाणूचे बोट धरून येणे. स्वीडनने तर प्राथमिक शाळा व बालवाड्या उघड्या ठेवल्या होत्या, तरी डिसेंबर २०२२ च्या यादीत त्याचे नाव आहे. एकट्या स्वीडनवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही. तेथील लोकांनीही आपले वागणे बदललेच होते. तरीपण 'शाळा बंद ठेवल्या म्हणून' हे ठसठशीत उत्तर तेथे लंगडे पडते.

ऋणाची कल्पना त्यातल्या त्यात कोठे शोभत असेल तर ती मायकोप्लाझ्माला. या जिवाणूच्या साथी काही वर्षांच्या अंतराने येतात, त्याची वाढ अतिशय संथ असते व संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात. अनेक देशांतील प्रयोगशाळांच्या नोंदींनुसार २०१७ ते २०२० या काळात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ८.६ टक्क्यांत तो सापडत होता. २०२०-२१ मध्ये हे प्रमाण १.७ टक्क्यांवर आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत एक टक्क्याच्याही खाली गेले. निर्बंध उठल्यावर अन्य जंतू परतले तरी तो वर्षभर आणखी दडूनच राहिला आणि २०२३ च्या उत्तरार्धात अवतरला. साचलेल्या रोगप्रवणतेचे गणित येथे लागू पडते, यात शंका नाही. परंतु हा विलंब का झाला, याचे उत्तर जिवाणूच्या स्वभावात शोधावे लागते. ऋणाच्या कल्पनेत त्याला जागा नाही.

डांग्या खोकल्याची कथा तर लसीच्या खात्यात पाहावी लागते. इंग्लंडमध्ये गर्भवतींच्या लसीकरणाचे प्रमाण २०१७ मध्ये ७० टक्क्यांवर होते. २०२४ च्या सुमारास ते ६० टक्क्यांच्या खाली घसरले होते. त्या वर्षी तेथे किमान दहा अर्भके या रोगाने दगावली. ही घसरण महासाथीपूर्वीच सुरू झाली होती आणि ती जंतूंच्या अनुपस्थितीमुळे झालेली नव्हती. जगभरात २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत ६ कोटी ७० लाख बालके नियमित लसींना पूर्णतः वा अंशतः मुकली, असे युनिसेफने २०२३ मध्ये सांगितले. याला थकबाकी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण ती मुलांची नसून त्यांच्यापर्यंत न पोहोचलेल्या व्यवस्थेची आहे.

'ऋण' या शब्दाला उत्तर म्हणून 'प्रतिकारशक्तीची चोरी' असाही एक शब्दप्रयोग पुढे आला. कोविडच्या संसर्गाने मुलांची प्रतिकारयंत्रणाच दुबळी केली, असा त्याचा दावा. गोवराने जुनी प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत पुसली जातात, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले असल्यामुळे या दाव्याला वरकरणी आधार मिळतो. मात्र गोवराबाबत मोजून दाखवलेली गोष्ट कोविडच्या माथी तुलनेने मारता येत नाही. सावकाराच्या जागी चोर आणल्याने विवेचन पुढे सरकत नाही.

भारतीय संदर्भ

हे रूपक भारतात आणताना आणखी एक गृहीतक तपासावे लागते. टाळेबंदीत मूल घरात होते म्हणजे ते जंतूंपासून अलग होते, हे गृहीतक प्रशस्त घरे असलेल्या समाजाचे आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत झालेल्या प्रतिपिंड-सर्वेक्षणात झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर अन्य वस्तीतील १६ टक्के लोकांना कोविडचा संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. देशपातळीवरील चौथ्या सर्वेक्षणात जून-जुलै २०२१ मध्ये सहा ते नऊ वर्षे वयोगटातील ५७ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. या वयाला तेव्हा लस उपलब्धच नव्हती. अन्य जंतूंचा प्रसार याच मापाने झाला असे म्हणता येणार नाही, पण एकाच शहरातील दोन मुलांचा 'अल्पसंपर्क' सारखा नव्हता, एवढे यातून निश्चित दिसते. युनिसेफच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये भारतात पाच वर्षांखालील सुमारे १,२७,००० बालके न्यूमोनियाने दगावली. ज्या देशात हा आजार कोविडच्या आधीपासून एवढा प्राणघातक होता, तेथे २०२२ नंतरच्या रुग्णांकडे टाळेबंदीचे फलित म्हणून पाहणे म्हणजे जुन्या दुखण्याला नवे नाव देणे होय.

शिवाय भारतात नेमक्या याच काळात एक मोठा बदल झाला. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून हिमाचल प्रदेश, बिहार व उत्तर प्रदेशाच्या काही भागांतून सुरू झाली होती. ऑक्टोबर २०२१ पासून ती सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात देशभर दिली जाऊ लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली दहा प्रकारांवरील लस डिसेंबर २०२० मध्ये देशात आली होती. म्हणजे इकडे विषाणू परतत होते आणि तिकडे सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वेळापत्रकाने नवी पिढी संरक्षित होत होती. या दोन परस्परविरोधी प्रवाहांना वेगळे करून पाहायचे तर रुग्णालयनिहाय जिवाणूंच्या नोंदी हव्यात. मुलांच्या न्यूमोनियात रक्ताच्या नमुन्यातून जिवाणू क्वचितच हाती लागतो आणि लहान मूल बेडका काढून देऊ शकत नाही, त्यामुळे अशा नोंदी मुळातच दुर्मीळ असतात. 'ऋण' हा शब्द या उणिवेवर पांघरूण घालतो.

चीनमधील लाटेच्या पार्श्वभूमीवर ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढलेले निवेदन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. दिल्लीच्या एम्समध्ये आढळलेल्या मायकोप्लाझ्माच्या मोजक्या रुग्णांचा चीनशी संबंध नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. त्या वर्षी जानेवारीपासून तेथे तपासलेल्या, प्रामुख्याने गंभीर रुग्णांच्या ६११ नमुन्यांत हा जिवाणू सापडला नसल्याचेही नमूद होते. निवेदनाचा हेतू भीती दूर करण्याचा होता व तो योग्यच होता. परंतु एका महानगरातील एका प्रयोगशाळेचे ६११ नमुने नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या बालरुग्णाविषयी काहीच सांगत नाहीत.

रोगनिदानाच्या या अंधारात प्रतिजैविके वापरली जातात. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात प्रौढांसाठीच्या प्रतिजैविकांच्या सुमारे २१ कोटी ६० लाख मात्रा अपेक्षेपेक्षा अधिक विकल्या गेल्या, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्तवला आहे. त्यांपैकी ३ कोटी ८० लाख मात्रा एकट्या ॲझिथ्रोमायसिनच्या होत्या, आणि तेही एका विषाणूच्या आजारासाठी. जिवाणू घराघरांतून फिरतात. आजोबांच्या औषधाने निर्ढावलेला जिवाणू नातवाच्या घशात पोहोचायला वेळ लागत नाही. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलीनच्या कुळातील औषधे त्यावर निष्प्रभ ठरतात व ॲझिथ्रोमायसिनच्या कुळावरच भिस्त असते. चीनमधील मुलांत सापडणाऱ्या या जिवाणूच्या ८० टक्क्यांहून अधिक वाणांनी त्या कुळालाही दाद देणे सोडले आहे. तेथील वैद्यकांना त्यामुळे डॉक्सिसायक्लिनसारख्या, एरवी लहान मुलांना देताना हात आखडता घेतला जातो अशा औषधांकडे वळावे लागले. जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञासमोर ॲझिथ्रोमायसिनच्या तिसऱ्या दिवशीही ताप न उतरलेले पाच वर्षांचे मूल असते, तेव्हा ताप विषाणूचा आहे की न्यूमोकोकसचा की औषधाला न जुमानणाऱ्या मायकोप्लाझ्माचा, हे त्याला त्याच दिवशी ठरवायचे असते. त्यासाठी त्याला मुलाचे लसीकरण-पत्रक, छातीचे क्ष-किरण चित्र आणि नाकाघशातील नमुन्याची जनुकीय चाचणी लागते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी मिळतात. तिसरी बहुधा दुसऱ्या शहरात पाठवावी लागते.